मधल्या वयातलं प्रेम आणि कलेचे पोशिंदे

१९७९ साली 'द नेकेड ट्रँगल' हे पुस्तक आलं तेव्हा बलवंत गार्गी बासष्ट वर्षांचे होते. आधुनिक पंजाबी नाटकातलं ते फार मोठं नाव. 'लोहा कुट्ट'सारखं नाटक त्यांनी तरुणपणीच लिहिलं होतं, 'रंगमंच' या ग्रंथाला १९६२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, १९७२मध्ये पद्मश्री मिळाली होती. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात भारतीय रंगभूमीचा विभाग उभा राहिला तो त्यांच्याच हातून. आणि या पुस्तकात त्यांनी स्वतःचं घर चव्हाट्यावर मांडलं. सिॲटलला शिकवायला गेले असताना भेटलेली अमेरिकन पत्नी, मुलं, चंडीगडचा संसार, पन्नाशीच्या मध्यावर एका तरुण विद्यार्थिनीत गुंतलेलं मन आणि त्यात मोडलेलं घर. पुस्तकाला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हटलं गेलं, पण त्यातली माणसं ओळखू येत होती. मोठा गहजब झाला.

कोणी त्याला धाडस म्हटलं, कोणी निर्लज्जपणा. या दोन्ही निवाड्यांनी माझं समाधान होत नाही. मला त्या त्रिकोणात वेगळंच काही विचारावंसं वाटतं: घर कोणाच्या नावावर होतं? पगार कोणाला होता? विभाग कोणाच्या हाताखाली होता? या तिन्ही गोष्टी एकाच कोनाशी होत्या, आणि पुस्तक लिहिणारा हातही त्याच कोनाचा होता. उरलेल्या दोघी त्या पुस्तकात त्याच्याच शब्दांत बोलतात.

चाळिशी-पन्नाशीतलं प्रेम विशीतल्या प्रेमासारखं हवेवर जगत नाही. त्याला घर लागतं, पैसा लागतो, मागच्या संसाराची देणी फेडावी लागतात, मुलांच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो. कलेच्या दुनियेत घर आणि पैसा या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा कलावंताच्या स्वतःच्या नसतात. त्या राजाच्या असतात, शेटच्या असतात, सरकारच्या किंवा विद्यापीठाच्या असतात. म्हणून या वयातल्या कोणत्या नात्याला नाव मिळालं आणि कोणतं नातं पुसलं गेलं, हे पाहायचं तर आधी पोशिंदा कोण होता ते पाहावं लागतं. माझी ही समजूत चंडीगडच्या इतिहासाने पक्की केली, कारण त्या शहरात पोशिंदा स्पष्ट दिसतो. तिथला पोशिंदा म्हणजे सरकार.

फाळणीत पंजाबची राजधानी लाहोर गेलं. लाहोरच्या संग्रहालयातल्या वस्तूंचीही वाटणी झाली, साठ टक्के तिकडे आणि चाळीस टक्के इकडे. इकडे आलेल्या वस्तू पुढे चंडीगडच्या सेक्टर १०मधल्या संग्रहालयात विसावल्या. ते संग्रहालय १९६८ साली खुलं झालं, आणि त्यामागे मोहिंदर सिंग रंधावा या आयसीएस अधिकाऱ्याची चिकाटी होती. रंधावा १९६६ ते १९६८ चंडीगडचे मुख्य आयुक्त होते. रस्त्यारस्त्यांवरची फुलणारी झाडं, सेक्टर १६ची गुलाबबाग, कांगडा चित्रांवरचे ग्रंथ, चित्रकारांना आणि लेखकांना दिलेला आधार: एका अधिकाऱ्याने संस्थानिकाची जागा घेतल्यासारखं ते काम होतं. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की पैसा त्यांच्या खिशातला नव्हता. सरकारी पोशिंदा बदली होऊन जातो, पण त्याने लावून दिलेला पगार राहतो.

शहर बांधायला आलेली मंडळी पाहा. ल कॉर्बुझिए १९५१च्या फेब्रुवारीत आले तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे, त्यांचा चुलतभाऊ पिएर जानेरे चौपन्नचा, मॅक्सवेल फ्राय एक्कावन्नचे, जेन ड्रू चाळिशीच्या उंबरठ्यावर. फ्राय आणि ड्रू यांनी १९४२मध्ये लग्न केलं होतं, दोघांचंही ते दुसरं. चंडीगडला ती 'साहेबांची मडम' म्हणून आली नाही. फ्राय, ड्रू आणि जानेरे या तिघांनाही वरिष्ठ वास्तुविशारद म्हणून तीन वर्षांच्या करारावर नेमलं होतं. ड्रूने घरं, शाळा, दवाखाने आखले आणि ते तिच्या नावावर नोंदले गेले. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. नवरा-बायको एकाच पोशिंद्याकडे काम करत होते, पण दोन करारांवर. उर्मिला युली चौधरींचंही तसंच. नवरा वास्तुविशारद, त्याही वास्तुविशारद, १९५१पासून प्रकल्पावर. पुढे त्या चंडीगडच्या मुख्य वास्तुविशारद झाल्या. त्यांना कोणाच्या सावलीत राहावं लागलं नाही, कारण हजेरीपटावर त्यांचं स्वतंत्र नाव होतं.

जानेरेची गोष्ट प्रेमाच्या चौकटीत सहसा कोणी धरत नाही. मला ती धरावीशी वाटते. १९४०मध्ये युद्धाच्या काळात या दोन भावांची भागीदारी तुटली. राजकारणाने दोघांना दोन टोकांना नेलं. चंडीगडने त्यांना पुन्हा एकत्र आणलं. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा येऊन जात, जानेरे मात्र १९६५पर्यंत तिथेच राहिला. लग्न न केलेला हा माणूस सागवान आणि वेताच्या खुर्च्या करत, सुखना तलावावर होडी चालवत त्या शहराचाच होऊन गेला. १९६७ साली जिनिव्हाला तो वारला. पुढे त्याची रक्षा सुखना तलावात सोडली, ती त्याच्याच इच्छेने. सेक्टर ५मधलं त्याचं ५७ क्रमांकाचं घर आता संग्रहालय आहे. दुरावलेला भाऊ आणि एक परकं गाव, या दोन्हींवर त्याने पन्नाशीनंतर जीव लावला.

पोशिंदा आणि कलावंत यांच्यातच एक जिव्हाळा असतो, आणि तोही मधल्या वयातच पिकतो. हे मला शिकवलं ते चंडीगडच्याच एका अभ्यासकाने. ब्रिजेंद्र नाथ गोस्वामी यांनी १९५८मध्ये आयएएस सोडली आणि पंजाब विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवण्यात आयुष्य घातलं. पहाडी चित्रकारांची कुळं शोधताना ते हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांपर्यंत गेले. आपल्याकडेही नाशिक-त्र्यंबकला उपाध्यायांकडे अशा वह्या असतात, पण त्यांत चित्रकार शोधायचं कोणाला सुचलं नव्हतं. तिथे त्यांना गुलेरच्या नैनसुखची नोंद सापडली. जसरोट्याचा बलवंत सिंग हा नैनसुखचा धनी. छोट्या जहागिरीचा माणूस. पण नैनसुखने त्याला दाढी कातरून घेताना, पत्र लिहिताना, रजई पांघरून शेकोटीशी बसलेला असताना रंगवलं. दरबारी चित्रात इतकी जवळीक क्वचितच असते. १७६३मध्ये बलवंत सिंग वारला तेव्हा त्याच्या अस्थींबरोबर हरिद्वारला गेलेल्यांत पन्नाशी ओलांडलेला नैनसुख होता. याला मी प्रेमच म्हणेन, आणि मधल्या वयातल्या प्रेमाच्या या आढाव्यात त्याची जागा राखेन.

स्वतः गोस्वामींचं सहजीवनही त्याच विद्यापीठात घडलं. करुणा गोस्वामी कलेच्या आणि धर्मपरंपरांच्या अभ्यासक, त्याही अध्यापक. दोघांची पुस्तकं वेगळी, काही कामं एकत्र. अशा जोडप्यांबद्दल लोक फारसं लिहीत नाहीत, कारण त्यांत मोडतोड नसते. पण दोन पगार, दोन टेबलं आणि एक ग्रंथसंग्रह यांवर दीर्घ नातं कसं उभं राहतं, हे जाणून घेण्यासारखं आहे.

मुल्कराज आनंद १९६३ ते १९६६ या काळात चंडीगडला टागोर अध्यासनाचे प्राध्यापक होते. त्यांच्या आयुष्यात तर पोशिंदे आणि प्रेम यांची गाठ पुन्हा पुन्हा पडते. १९४६ साली मुंबईत टाटांच्या पाठबळावर त्यांनी 'मार्ग' हे कलेचं नियतकालिक सुरू केलं. १९६१च्या डिसेंबरात त्याचा एक अंक चंडीगडवरच निघाला. १९४८मध्ये त्यांचा इंग्लंडमधला विवाह कायद्याने संपला. त्याच सुमारास, त्रेचाळिशीत, एका प्रेमभंगाने ते मनाने पार कोसळले. त्या पडझडीतून 'प्रायव्हेट लाइफ ऑफ ॲन इंडियन प्रिन्स' ही १९५३ची कादंबरी आली. त्यात संस्थान विलीन होत असतानाचा एक पहाडी राजा एका स्त्रीच्या ओढीत वेडा होतो. आपलं दुःख सांगायला त्यांनी राजाचं सोंग निवडलं, यात मला अर्थ दिसतो. राज्य जातं तेव्हा त्या राजाजवळ प्रेम करण्याची जागाच उरत नाही. १९५०मध्ये त्यांनी नृत्यांगना शिरीन वजिफदार यांच्याशी लग्न केलं. शिरीन खंडाळ्याला मादाम मेनकांच्या नृत्यालयात कथक शिकल्या होत्या. आनंदही पुढे खंडाळ्याचे झाले, आणि २००४मध्ये पुण्यात वारले. त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. शिरीनबाईंच्या नावावर त्यामानाने फार थोडं लिहिलं गेलं. त्या स्वतः नाचल्या, त्यांनी शिकवलं, नृत्यावर समीक्षा लिहिली, तरी बहुतेक ठिकाणी त्या कोणाच्या तरी पत्नी म्हणूनच भेटतात.

गार्गींकडे परत येतो, कारण चंडीगडचा खरा पेच तिथेच आहे. सरकारी आश्रयाने नटीला शेटच्या दारातून सोडवलं, हे खरं. पण एका विभागाच्या प्रमुखाच्या हाती त्याने प्रवेश, भूमिका, शिष्यवृत्ती आणि शिफारस अशा चार किल्ल्या दिल्या. पन्नाशीचा विभागप्रमुख आणि विशीची विद्यार्थिनी यांच्यात प्रेम असूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. पण तिने नाही म्हटलं असतं तर पुढच्या नाटकात तिला काय मिळालं असतं, या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं नसेल तोवर त्या होकाराचं वजन करता येत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा निकाल आला १९९७मध्ये आणि कायदा २०१३मध्ये. सत्तरच्या दशकात अशा मुलीला विचारायला दारच नव्हतं.

त्याच शहराशी जोडलेल्या दोघांनी हा प्रश्न बाईच्या बाजूने विचारला, आणि दोघांनीही तो नाटकातून. शिवकुमार बटालवी पुढे स्टेट बँकेच्या नोकरीत चंडीगडला राहिले. त्यांच्या 'लूणा' या काव्यनाटकाला १९६७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पूरन भगतच्या लोककथेत लूणा ही दुष्ट सावत्र आई; प्रौढ राजाची तरुण राणी, सावत्र मुलावर भाळणारी आणि मग त्याच्यावर आळ घेणारी. बटालवींनी तिला बोलू दिलं: बापाच्या वयाच्या माणसाला मला दिलं तेव्हा कोणी विचारलं होतं? पुढे नीलम मानसिंग चौधरी यांनी, ज्यांनी १९८४मध्ये 'द कंपनी' ही संस्था चंडीगडला उभारली, सुरजित पातर यांच्या पंजाबी रूपांतरातून रासिनचं 'फेद्र' केलं, 'फिदा' या नावाने. कथा जवळजवळ तीच: राजा, राणी, सावत्र मुलगा. फ्रान्समधली आणि सियालकोटची गोष्ट एकाच शहराच्या रंगमंचावर एकमेकींना भेटली. नीलम मानसिंग यांनी शहरी नटांबरोबर पंजाबातले परंपरागत नक्काल घेतले, स्त्रीभूमिका करणारे पुरुष. लग्नसराईच्या बिदागीवर जगणारे ते कलावंत आणि अनुदानावर चालणारी संस्था एका तालमीत आली.

स्त्रीपार्टी नट म्हटलं की मराठी माणसाचं मन थेट बालगंधर्वांकडे जातं, आणि या विषयात जायलाच हवं. १९३८मध्ये गोहर कर्नाटकी गंधर्व नाटक मंडळीत आल्या तेव्हा बालगंधर्व पन्नाशीचे होते. १९४०मध्ये त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. पुढे गोहरबाईंशी लग्न झालं. गोहरबाई विजापूरकडच्या, अमीरबाई कर्नाटकींची बहीण, स्वतः चांगल्या गायिका. मराठी समाजाने मंडळीच्या नाशाचं खापर त्यांच्या माथी मारलं. पण मंडळी कर्जात बुडाली होती ती १९२०च्या दशकापासून. अत्तरं, भरजरी शालू, खरे दागिने, पंक्ती, हे सगळं गोहरबाई येण्याआधीचं. संस्थानिकांचा आश्रय आटत गेला, बोलपट आला, आणि हिशेबाची वही कोणी नीट पाहिलीच नाही. मग पाय गेलेल्या, पडद्याआड गेलेल्या नटाला उचलून बसवणारी बाई दोषी ठरली. १९६४ साली बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं, त्याच वर्षी गोहरबाई वारल्या. तीन वर्षांनी तेही गेले. गोहरबाईंवरचा तो आरोप अजूनही ऐकू येतो आणि प्रत्येक वेळी मला संताप येतो. परधर्मी, तवायफांच्या परंपरेतली, वयाने लहान: एवढ्या तीन गोष्टी तिच्याविरुद्ध पुरेशा होत्या, जमाखर्च कोणी तपासला नाही.

गोव्याच्या कलावंत घराण्यांत पोशिंदा आणि बाई यांचं नातं उघड होतं. यजमान असायचा, त्याचं लग्नाचं घर वेगळं, आणि बाईचं घर, मुलांची शिक्षणं, उस्तादांची शिकवणी त्याच्या पैशावर. केसरबाई केरकरांना अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मिळाली ती मुंबईतल्या एका श्रीमंत शेटच्या आधारावर. तो आधार घेऊन त्यांनी गाणं असं कमावलं की पुढे आपल्या बैठकीची अट त्या स्वतः घालत. ज्या बाईला तेवढी उंची गाठता आली नाही तिचं काय, हे 'संगीत बारी' या भूषण कोरगावकरांच्या पुस्तकात दिसतं. लावणीच्या बारीतल्या बायका आजही त्या पुरुषाला 'मालक' म्हणतात. तो येतो, काही वर्षं राहतो, खर्च उचलतो, पुष्कळदा तिच्याच कमाईवर खर्च करतो, आणि आपल्या घरी परततो. चाळिशीपलीकडे बाईचं नाचणं थांबतं आणि त्याच सुमाराला मालकाचं येणंही. योगायोग असा की गार्गींनी 'फोक थिएटर ऑफ इंडिया' हा त्यांचा १९६६चा ग्रंथ लिहिताना आपल्या तमाशालाही त्यात जागा दिली होती.

मराठीची खरी कमाई मात्र दुसरीकडे आहे. जे चंडीगडला घडलं नाही ते इथे घडलं: त्रिकोणातल्या, चौकोनातल्या बायकांनी स्वतः लिहिलं. माधवी देसाईंचं 'नाच गं घुमा' हे मला गार्गींच्या पुस्तकासमोर ठेवून वाचण्यासारखं वाटतं. भालजी पेंढारकरांची मुलगी, म्हणजे कलेच्या आश्रयस्थानातच वाढलेली. तरुणपणी वैधव्य, पदरी मुली, आणि मग 'स्वामी'कार रणजित देसाईंशी दुसरा संसार, दोघांचाही दुसराच. कोवाडचं मोठं घर, येणीजाणी, लेखकाचा लौकिक. ते घर तिचं कधी झालं नाही. घटस्फोट झाला. तिने ते सगळं लिहिलं तेव्हा तिच्यावर टीका झाली, पण पुस्तक टिकलं. मोठ्या लेखकाचा संसार त्याच्या बायकोच्या अक्षरात वाचण्याची सवय मराठी वाचकाला अशा पुस्तकांनी लावली.

सुनीताबाई देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' १९९०चं. त्यातला रुसवा, हिशेबीपणा, प्रेम यांवर इतकं बोललं गेलं आहे की मी एवढंच सांगेन: हे जोडपं मधल्या वयात स्वतःच पोशिंदं झालं. १९६५मध्ये त्यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान काढलं आणि नाटकांतून, पुस्तकांतून आलेला पैसा संस्थांना वाटला. त्याचा कारभार सुनीताबाईंनी पाहिला. पै-पैचा हिशेब ठेवणारी बाई म्हणून त्यांची टिंगल झाली. मला तर वाटतं, गंधर्व मंडळीत अशी एक बाई असती आणि तिचं कोणी ऐकलं असतं, तर गोहरबाईंवर आळ यायची वेळच आली नसती. देणारा हात पुरुषाचा दिसतो, मोजणारा हात बाईचा असतो आणि तो दिसत नाही. सुनीताबाईंच्या पुस्तकात तो दिसतो.

पंजाबी कवयित्री अमृता प्रीतम आणि चित्रकार इमरोज यांचं नाव या विषयात सगळे घेतात, बहुतेक वेळा गुलाबी रंगात. मला त्यातला रोकडा भाग महत्त्वाचा वाटतो. अमृता प्रीतम आकाशवाणीत नोकरी करत होत्या, लेखनाचं मानधन त्यांचं होतं, दिल्लीचं हौजखासचं घर त्यांचं होतं. चाळिशीत नवऱ्यापासून वेगळं होऊन आपल्याहून लहान चित्रकाराबरोबर राहणं त्यांना जमलं, त्यात हिमतीइतकाच त्या घराचा वाटा होता. २००५मध्ये त्या गेल्या, पुढे ते घर विकलं गेलं आणि पाडलं गेलं. इमरोज २०२३च्या डिसेंबरात मुंबईत वारले. गार्गींचाही शेवट मुंबईतच झाला, २००३मध्ये, विस्मृतीच्या आजारात.

आज कायदा कुठे आहे? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने 'विवाहसदृश नातं' मानलं. पण २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला अटी घातल्या, आणि त्यांतली एक म्हणजे दोघंही लग्नाला कायद्याने मोकळे हवेत. २०१३च्या इंद्रा शर्मा खटल्यात तर पुरुष विवाहित आहे हे माहीत असूनही अठरा वर्षं सोबत राहिलेल्या स्त्रीला संरक्षण नाकारलं गेलं. संसदेने यात लक्ष घालावं असंही न्यायालयाने म्हटलं. कलेच्या दुनियेतली मधल्या वयातली बहुतेक नाती नेमकी याच वर्गात मोडतात. घरच्या बाईवर अन्याय न होता दुसरीलाही वाऱ्यावर न सोडणारा कायदा करणं अवघड आहे, हे मान्य. पण तो प्रश्न विचारायला आपण सुरुवातही केलेली नाही.

पोशिंद्यांनी तर अजिबातच नाही. महाराष्ट्रात ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन मिळतं, आणि कलावंताच्या पश्चात ते त्याच्या पतीला किंवा पत्नीला मिळतं. योजना चांगली आहे, आणि तमाशातल्या, शाहिरीतल्या किती म्हाताऱ्यांचं औषधपाणी त्यावर चालतं. पण ढोलकीवाल्याबरोबर पंचवीस वर्षं फडात राहिलेल्या, त्याच्याच ढोलकीवर नाचलेल्या, शेवटी त्याला भरवणाऱ्या बाईकडे लग्नाचा दाखला नसतो. स्वतःच्या नावावर अर्ज करायचा तर कलेचे पुरावे मागतात: प्रमाणपत्रं, कात्रणं, कार्यक्रमपत्रिका. ते सगळे कागद फडमालकाच्या नाहीतर ढोलकीवाल्याच्या नावावर असतात.